चौदावा रकाना

"आप्पा, हा रकाना परत कोराच आहे."

"आसू दे."

"असू दे कसं? याच एका रकान्यापायी दोनदा फॉर्म परत आलाय."

"मग तिसऱ्यांदा यील."

एवढं बोलून माझ्या सासऱ्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन आणि भिंग माझ्याकडे सरकवलं आणि दुधात कुस्करून ठेवलेल्या भाकरीकडे वळले. फॉर्म त्यांनी पालथा घातला होता. तो दोन्ही बाजूंनी छापलेला होता, पुढे इंग्रजी, मागे मराठी. आप्पा नेहमी मागची बाजू भिंग लावून वाचत बसायचे आणि सही मात्र पुढे करून द्यायचे. सही अगदी ठसठशीत. रा. ग. निगडे. नाव, पत्ता, जन्मतारीख, बँक, सगळं जागच्या जागी. फक्त चौदावा रकाना पांढरा.

मला तो फॉर्म त्यांच्या दुधात बुडवावासा वाटला.

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची, अॅडलेडमधल्या आमच्या स्वयंपाकघरातली. आप्पा चिंचवडच्या दख्खन व्हॉल्व्ह कंपनीत सदतीस वर्षं होते. फाउंड्रीत साचे करायचे, पुढे भट्टीवर मिस्त्री झाले. कंपनी आपल्या जुन्या कामगारांना स्वतःची पेन्शन देते. सासूबाई गेल्यावर श्रीरंगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आप्पांना इकडे आणलं. पाच वर्षं पेन्शन बिनबोभाट बँकेत पडत होती. सहाव्या वर्षी कंपनीच्या लक्षात आलं, की हा माणूस परदेशी राहतो. तेव्हापासून जवळजवळ तिसरा हिस्सा कर म्हणून कापून उरलेलं यायला लागलं.

ही कपात टाळता येत होती. दोन्ही देशांत तसा करार आहे. कंपनीच्या पेन्शनवर कर लावायचा तो जिथे माणूस राहतो त्या देशाने, आणि आप्पांची पेन्शन इकडच्या मानाने इतकी लहान की इथे कर बसतच नव्हता. पण माफी आपण होऊन कुणी देत नाही. ती मागायची, कागद जोडून. मी दिवसभर एका मोठ्या दुकानाच्या पगार खात्यात बसते, दीडशे माणसांचे पगार आणि कर माझ्या हाताखालून जातात. मला वाटलं होतं, आठवड्याचं काम आहे.

आधी आप्पा इथे राहतात हेच सिद्ध करता येईना. घर श्रीरंगच्या नावावर, वीज माझ्या, फोन श्रीरंगच्या. बाप-लेकाच्या घरात कोण कुणाला भाडेपावती देतो? शेवटी मी गॅसचं बिल त्यांच्या नावावर करून घेतलं. ते आलं तेव्हा आप्पा पाकीट हातात घेऊन दारातच उभे राहिले. "माज्या नावावर कसलं बिल काडलंस? मला इचारायचं तरी." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि गार पाण्याने आंघोळ करत होते. त्या बिलावर, बँकेच्या कागदावर आणि माझ्या तीन दिवसांच्या रजेवर इकडच्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला मिळाला. आता उरला फक्त कंपनीचा हा फॉर्म, आणि त्यातला चौदावा रकाना.

'मी परदेशात कायमचा स्थायिक झालो असून भारतात परतून राहण्याचा माझा इरादा नाही. होय / नाही.' दोहोंपैकी एकावर टिक करायची, बस्स.

हे सगळं मी पैशाच्या हावेने करत नव्हते, दातांसाठी करत होते. मार्चमध्ये आप्पांची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. मूळचे चार दात होते तेही हलत होते. इथल्या दातांच्या डॉक्टरने सगळं नव्याने करायला सांगितलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून आप्पा खुर्चीतून उठलेच. आम्ही दोघं कमावते, आम्हाला तो आकडा जड नव्हता. पण आप्पा हट्टाला पेटले.

"माझं तोंड हाय. माज्या पैशानं बशीवनार."

"आप्पा, मी मुलगा आहे ना तुमचा?" श्रीरंग म्हणाला.

"हायस की. म्हनून तर तुझं खातोय. दात माझं."

श्रीरंगने दोनदा समजावलं, एकदा ओरडून पाहिलं आणि मग, नेहमीप्रमाणे, "तू बघ बाई" म्हणून माझ्या गळ्यात घातलं. कापून येणाऱ्या पेन्शनीत दातांचे पैसे साठायला तीन वर्षं लागली असती. कपात थांबली आणि आधीचं कापलेलं परत आलं, तर दोन महिन्यांत काम होणार होतं. इकडे जूनपर्यंत आप्पांचं वजन नऊ किलोने उतरलं. दूधभाकरी, पेज, वरणभात, पुन्हा दूधभाकरी. ज्या माणसाने आयुष्यभर भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा खाल्ला, तो केळं चमच्याने खात होता. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर हे कुठेतरी पडतील, आणि पडले तर उठायचे नाहीत.

म्हणजे आप्पांचं जगणं दातांवर, दात पेन्शनीवर आणि पेन्शन एका टिकेवर अडली होती.

"आप्पा, एक सांगा," त्या दिवशी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "तुम्ही परत जाणार आहात का राहायला?"

"कुनाला ठावं."

"कुणाला ठावं काय? थेरगावचं घर तुम्हीच विकायला लावलंत. भांडीसुद्धा वाटून टाकलीत."

"व्हय."

"मग टिक करायला काय होतं?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिला अडकवलेला पितळी बिल्ला बोटांत फिरवायला लागले. कंपनीत हजेरीला लावायचा तो बिल्ला, रुपयाएवढा, ११७ आकडा कोरलेला, घासून घासून गुळगुळीत झालेला. विचारात पडले की हा त्यांचा चाळा.

"सगळ्यावर सही केलीय न्हवं मी? तेवढं एक ऱ्हाऊ दे. कंपनी आपली हाय, समजून घील."

कंपनी काही समजून घेत नव्हती. इकडे दुपारचे दोन वाजले की तिकडे दहा वाजतात, ऑफिस उघडतं. मी डबा खायच्या सुट्टीत गाडीत बसून पेन्शन विभागाच्या काळभोर मॅडमना फोन लावायची. बाई स्वभावाने चांगल्या, पण चौदाव्या रकान्यापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

"ताई, मी तरी काय करू? रकाना कोरा असला की कॉम्प्युटर पुढंच जाऊ देत नाही."

"अहो, त्यांचं घरदार नाही तिकडे. रहिवासाचा दाखला जोडलाय. अजून काय पाहिजे?"

"टिक पाहिजे."

"ते करत नाहीत."

"मग समजावून सांगा की. तुमच्याच घरात आहेत ना?"

गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून मी पाच मिनिटं तशीच बसायची आणि मग जाऊन दीडशे माणसांचे पगार काढायची. दुसऱ्यांच्या फॉर्ममधली चूक मी लांबून ओळखते अशी माझी ऑफिसात ख्याती, आणि घरातला एक फॉर्म मला पुरा करता येत नव्हता. याची मला लाज वाटायची आणि ती लाज मी रागाच्या रूपाने घरी घेऊन यायची. आप्पांशी मी तुटक बोलायला लागले होते, त्यांच्यापुढे वाटी जरा आपटूनच ठेवत होते. हे मी आज कबूल करते.

मग तो रविवार आला. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी मटकीची उसळ केली होती, आप्पांना वेगळं वरण. उसळीचा वास आला आणि त्यांना राहवलं नाही. "वाईच दे," म्हणाले. मी रस्सा दिला. त्यांनी माझ्या ताटातला पोळीचा तुकडा उचलला, रश्शात बुडवला आणि न चावता गिळला. तो अडकला.

आधी ते खोकले, मग खोकणंही थांबलं. डोळे मोठे झाले, तोंड निळसर पडलं. श्रीरंगने खुर्ची लाथाडून मागून त्यांना वाकवलं आणि पाठीत तळहाताने चार-पाच तडाखे दिले. तुकडा बाहेर पडला. आप्पा टेबलाला धरून उभे राहिले, श्वास घेतला, डोळे पुसले आणि हसून म्हणाले, "न्हाय गेलो."

श्रीरंग लहान मुलासारखा रडायला लागला. मी रडले नाही. मी तडक आतल्या खोलीत गेले. टेबलावर तो फॉर्म होता, सही केलेला. मी पेन उचललं आणि चौदाव्या रकान्यात 'होय'वर टिक केली. अर्धा सेकंद लागला असेल. पुढच्या बाजूचा फोटो काढून लगेच काळभोर मॅडमना पाठवला, मूळ कागद सोमवारी पोस्टात टाकला. मला जराही वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, हे मार्चमध्येच करायला हवं होतं.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. पुढच्या पेन्शनीत कपात नव्हती, आणि आधीचं कापलेलं परत मिळण्याचीही सोय झाली.

"आप्पा, झालं काम!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन् रकाना?"

मला वाटलं होतं, ते विचारणार नाहीत. "कोराच चालला त्यांना," मी म्हणाले.

आप्पांचा चेहरा असा फुलला, की मलाही आपलं खोटं खरं वाटायला लागलं. "बग! मी म्हनत हुतो का न्हाय? कंपनी आपली हाय. ती काळभोर बाई समजदार हाय, तिला माझा निरोप दे." मग श्रीरंगकडे वळून म्हणाले, "तुज्या बायकूला धीर न्हाय. उगं तीन महिनं माज्यावर वाट्या आपटल्या."

ऑगस्टमध्ये दात बसले. पहिल्या दिवशी आप्पांनी खारे शेंगदाणे आणायला लावले आणि संध्याकाळभर दिवाणखान्यात बसून कुरूमकुरूम खात राहिले. दुसऱ्या दिवशी भाकरी, ठेचा, कांदा. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाहीत. पंधरा दिवसांत दीड किलो वजन वाढलं. डॉक्टरीणबाईंनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

ऑगस्टच्या शेवटी चिंचवडहून फोन आला, की तांबोळी मिस्त्री गेले. हुसेन तांबोळी म्हणजे आप्पांचे भट्टीवरचे सोबती, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. आप्पा दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला आले तेव्हा दाढी केलेली होती. बिल्ला किल्लीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"श्रीरंग, मला खंडेनवमीला चिंचवडला जायचंय."

आम्ही दोघं बघतच राहिलो. सहा वर्षांत या माणसाने तिकडे जायचं नाव काढलं नव्हतं.

"अचानक?" मी विचारलं.

"आता माझा नंबर आला."

मग त्यांनी सांगितलं. मी शिक्षकाची मुलगी, आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन होतं. कारखान्यातलं मला काही माहीत नव्हतं, आणि श्रीरंगलाही अर्धंमुर्धंच.

"खंडेनवमीला भट्टी बंद आसती. झाडूनपुसून, फुलं घालून पूजा करत्यात, आन् भट्टीपुढं नारळ फोडत्यात. त्यो मालक फोडत न्हाय. म्यानेजर बी न्हाय. जित्या मानसांत ज्याचा बिल्ला नंबर सगळ्यात ल्हान, त्यानं फोडायचा. नोकरीत आसू नायतर घरी बसल्याला आसू. मालक त्याच्या मागं उबा ऱ्हातो, पायातल्या चपला काडून."

"आणि तांबोळी चाचा?"

"त्याचा एकशेनऊ. बारा वर्सं त्यानं फोडला. नमाज पडनारा मानूस, पर नारळ आसा फोडायचा, एका दनक्यात दोन वाट्या. मदलं समदं कवाच गेलं. एकशेनवानंतर आता," त्यांनी बिल्ल्यावर बोट ठेवलं, "एकशेसतरा."

श्रीरंग उठून त्यांच्या पाया पडला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. आप्पा म्हणाले, "तिकीट तू काड. दात मी केलं."

आपल्या मुलाकडे त्यांनी काही मागितलं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. श्रीरंगने त्याच दिवशी आप्पांचं आणि स्वतःचं तिकीट काढलं.

पुढचे पंधरा दिवस घरात निराळाच माणूस वावरत होता. पांढरा सदरा धुऊन इस्त्री करून घेतला. टोपी उन्हात ठेवली. भारतीय दुकानातून मला नारळ आणायला लावायचे आणि मागच्या पायरीवर सराव करायचे. "चुकला तर अपशकुन. भट्टी वरीसभर रुसती." पहिले दोन वेडेवाकडे फुटले, मग हात बसला. घरात खोबऱ्याचा नुसता ढीग. भेंडीत खोबरं, डाळीत खोबरं, पोह्यांत खोबरं. श्रीरंग म्हणाला, "आप्पा, खंडेनवमीपर्यंत आमच्याच डोक्याला शेंड्या फुटतील." आप्पा नवे दात दाखवून हसले आणि खोबऱ्याचा एक तुकडा तोंडात टाकला.

जायला चार दिवस राहिले होते. मी सुट्टी घेऊन घरीच होते, आप्पांच्या बॅगा भरत होते. दोन वाजता त्यांनी मला काळभोर मॅडमना फोन लावून द्यायला सांगितलं. येतोय असं कळवायचं होतं. फोनचा आवाज ते नेहमी मोठा करून ठेवायचे आणि फोन तोंडापुढे धरून बोलायचे.

"काळभोर बाई, निगडे बोलतोय. एकशेसतरा. नारळाला येतोय म्हनलं."

"अरे वा, आप्पा! बघते हां, यादीत तुमचं नाव..." पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. "आप्पा, नंबर परत सांगा."

"एकशेसतरा."

"आप्पा... एकशेसतरा रद्द दाखवतंय."

"रद्द? तांबोळी गेला, बाई. त्याचा एकशेनऊ."

"एकशेनऊ नाही, तुमचाच. तुम्ही परदेशच्या यादीत गेलात ना आप्पा, जुलैमध्ये. यादी बदलली की बिल्ला रद्द होतो. फॉर्मच्या मागं लिहिलेलंच आहे तसं."

"त्या यादीत मी कसा जाईन? मी तर रकाना कोरा ठिवला हुता."

"कोरा नाही, आप्पा. माझ्यापुढंच आहे फॉर्म. चौदाव्या रकान्यात टिक आहे. होय म्हणून."

माझ्या हातात त्यांचा पांढरा सदरा होता. मी तो घडी करायची थांबले. आप्पांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं काम का बिघडलं हे बघणारा मिस्त्री बघेल तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. मला खाली बघावं लागलं.

फोनमधून काळभोर मॅडम हळू आवाजात बोलल्या. "आप्पा, एक विचारू? टिक तुम्हीच केलीत ना? तुम्ही केली नसेल तर तसं सांगा. मी आत्ता साहेबांपुढं ठेवते. सही तुमची आणि टिक दुसऱ्याची असली तर अर्जच रद्द होतो, बिल्ला परत चालू होतो. नवमीला आठ दिवस आहेत, होईल काम. फक्त तुम्ही नाही म्हणा."

बाहेर कपडे धुवायचं यंत्र फिरत होतं. मी मान हलवून त्यांना सांगत होते, म्हणा, नाही म्हणा.

"मीच केली, बाई," आप्पा म्हणाले. "वय झालं. इसरलो."

"नक्की ना आप्पा?"

"व्हय. मीच. आता नारळ कुनाकडं?"

"एकशेएकवीस. सोनटक्के."

"चांगला मानूस हाय. त्याला म्हनावं, नारळाची शेंडी आपल्याकडं धर."

त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे दिला. मी त्यांच्या पायाशी बसले.

"आप्पा, खरं का नाही सांगितलंत? मी सांगते त्यांना. आत्ता फोन लावते."

"लावायचा न्हाय."

"पण का?"

"काय सांगू तिला? सुनंनं माज्या नावानं खोटी टिक केली? सदतीस वर्सं मी तितं हुतो हेमांगी, घरातलं गाऱ्हानं कदी गेटच्या आत नेलं न्हाय. आता म्हातारपनी न्यायचं व्हय?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त चीड आली, त्यांची, माझी, त्या कंपनीची, त्या कॉम्प्युटरची. "मग मला सांगायचं होतं ना, मागे काय लिहिलंय ते! तीन महिने मी तुमच्यापुढे नाचतेय आणि तुम्ही नुसतं असू दे, असू दे!"

आप्पांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं, तू वाचलंस. मराठीत हाय की ते."

मी उठून माझ्याकडची फॉर्मची जादा प्रत काढली आणि पालथी केली. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती, 'परदेशस्थ यादीत नोंद झालेल्या निवृत्त कामगारांचा बिल्ला क्रमांक रद्द समजण्यात येईल व बिल्ला कंपनीत जमा करावा लागेल.' पुढच्या इंग्रजी बाजूला ती ओळ नव्हती. बिल्ल्याची ज्यांना फिकीर ते मराठीच वाचणार, असं छापणाऱ्याला वाटलं असेल. मी तीन महिन्यांत तो फॉर्म शंभर वेळा हातात धरला होता, आणि एकदाही उलटला नव्हता.

संध्याकाळी श्रीरंगला कळलं तेव्हा तो माझ्यावर खूप ओरडला. मग आप्पांना म्हणाला, की आपण कंपनीला खरं काय ते लिहू. आप्पा म्हणाले, "आता लिव्हलंस तर मी खोटा ठरंन. एक मानूस खोटा ठरला तेवडा बास." तिकिटं रद्द केली. नुसतं बघायला तरी जाऊ, असं मी म्हणून पाहिलं. "गर्दीत हुबं ऱ्हायला?" एवढंच ते म्हणाले.

खंडेनवमीला दुपारी दोन वाजता सोनटक्क्यांच्या मुलाने फोनवरून दाखवलं. झेंडूच्या माळा घातलेली भट्टी दिसली, तिच्यापुढे एक वाळलेले म्हातारे गृहस्थ आणि मागे अनवाणी उभे असलेले मालक. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, टोपीही. नारळ फुटायच्या वेळी त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून वर आला आणि खाली गेला. तिकडे नारळ तिसऱ्या ठोक्याला फुटला.

"हात भ्याला त्याचा," आप्पा म्हणाले. "पुढल्या साली बसंल."

मी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. सरावातल्या नारळांपैकी शेवटचा मी घरातल्या देवापुढे ठेवून फोडला होता. त्यांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि सावकाश चावून चावून खाल्ला. मग बिल्ला किल्लीतून काढून माझ्या हातात ठेवला.

"ह्यो पोस्टानं धाड. नियम हाय, जमा करावा लागतो. रजिस्टर कर, आन् त्यांची पावती माग. बिल्ला जमा केल्याची पावती देत्यात."

"धाडते," मी म्हणाले.

त्यानंतर आप्पा चार वर्षं जगले. दात शेवटपर्यंत पक्के होते. भाकरी, ठेचा, कांदा, सगळं खायचे, आणि माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, चेष्टासुद्धा करायचे. त्या टिकेचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी, पोस्टमन येऊन गेला की दारातून आत येताना विचारायचे, "हेमांगी, पावती आली का गं?"

बिल्ला माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली. मी तो पाठवलाच नाही.

"नाही अजून, आप्पा," मी दर वेळी सांगायची. "तिकडचं काम तुम्हाला माहीतच आहे."

"यील," ते म्हणायचे. "कंपनी आपली हाय."